मधुमेह कळतो, पण आटोक्यात का येत नाही? भारतातील प्रौढांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशभराचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरच्या ११.४ टक्के लोकांना मधुमेह, म्हणजे सुमारे १०.१ कोटी माणसे, आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. हे आकडे सगळीकडे छापून आले. याच पाहणीतून २०२२ मध्ये आलेला दुसरा आकडा मात्र फारसा कुणी बोलून दाखवला नाही. आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यापैकी ३६.३ टक्क्यांचीच साखर आटोक्यात होती. साखर, रक्तदाब आणि वाईट कोलेस्टेरॉल ही तिन्ही एकाच वेळी आटोक्यात असलेले फक्त ७.७ टक्के.

म्हणजे निदान ही पहिली पायरी झाली. पुढे औषध सुरू व्हावे लागते, ते चालू राहावे लागते, मात्रा वेळच्या वेळी बदलावी लागते. प्रत्येक पायरीवर माणसे गळतात. ती कुठे गळतात हे डोळ्यांसमोर ठेवून पुढची उत्तरे लिहिली आहेत. मुख्य रोख प्रौढांच्या टाईप २ मधुमेहावर आहे. कोणाला कोणती गोळी आणि किती, हे तपासून ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच.

मला काहीच त्रास नाही. मग तपासणी कशाला?

कारण त्रास उशिरा सुरू होतो. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते आणि मग वारंवार लघवी, घशाला कोरड, वजन उतरणे ही लक्षणे दिसतात. १३० ते १८० या पट्ट्यात माणूस वर्षानुवर्षे काढतो, त्याला काहीही जाणवत नाही, आणि तेवढ्या काळात डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा हळूहळू बिघडत असतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत, किंवा पायाची जखम भरेना म्हणून दाखवायला गेल्यावर मधुमेह कळणारे लोक आजही थोडे नाहीत.

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात तपासला जातो. आशाताई घरी येऊन वय, कमरेचा घेर, तंबाखू, दारू असे प्रश्न असलेला फॉर्म भरून घेतात तो याचसाठी. त्यांना ‘आम्हाला काही नाही’ म्हणून परत पाठवू नका. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईने मात्र तिशीची वाट पाहायची नाही: बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत एकदा, आणि पुढे दरवर्षी.

घरच्या घरी धोका मोजता येतो का?

येतो, आणि त्याला फक्त शिंप्याची टेप लागते. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी गुणांची सोपी पद्धत तयार केली आहे. वय ३५च्या आत असेल तर ०, ३५ ते ४९ असेल तर २०, पन्नाशी गाठली असेल तर ३० गुण. कमरेचा घेर बायकांत ८० ते ८९ सेंटिमीटर असेल तर १०, ९० किंवा जास्त असेल तर २०. पुरुषांत ९० ते ९९ ला १०, १०० किंवा जास्त असेल तर २०. अंगमेहनतीचे काम आणि शिवाय नियमित व्यायामही असेल तर ०, दोन्हींपैकी एकच असेल तर २०, दोन्ही नसतील तर ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०.

बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा. रक्त तपासून घ्यायलाच हवे. उदाहरणार्थ, वय ४८, घेर ९६, दिवसभर गल्ल्यावर बसून काम, व्यायाम नाही, आईला मधुमेह असा पुरुष घ्या: २० अधिक १० अधिक ३० अधिक १०, एकूण ७०. घेर मोजताना टेप पँटच्या पट्ट्यावर लावायची नाही. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, कपडा बाजूला करून, श्वास सोडल्यावर मोजायचा. पोट आत ओढून मोजले तर दोन-चार सेंटिमीटर सहज कमी भरतात.

मी तर सडपातळ आहे, गोडही खात नाही. मला कसा होईल?

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे छायाचित्र छापून आले: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय बारीक, पण चरबी पोटात आणि यकृताभोवती, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात. वजनकाट्यापेक्षा कंबरेचा घेर जास्त खरे सांगतो.

निदानासाठी कोणती तपासणी करायची आणि आकडे कसे वाचायचे?

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा जास्त आले तर मधुमेह. लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतात किंवा दुसऱ्या चाचणीने खात्री करतात. तहान, वारंवार लघवी, वजन उतरणे अशी ठळक लक्षणे असतील आणि कोणत्याही वेळची साखर २०० किंवा जास्त असेल, तर तेवढे पुरते. उपाशीपोटी १०० ते १२५, ग्लुकोजनंतर १४० ते १९९, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा.

चुका होतात त्या रक्त देण्याच्या आधी. उपाशी म्हणजे किमान आठ तास. पाणी चालते, बिनसाखरेचा चहासुद्धा चालत नाही, तंबाखू-मिश्रीही नको. जेवणानंतरच्या तपासणीत दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. जेवण अर्धा तास चालले आणि हात धुतल्यापासून दोन तास धरले, तर साखर उतरल्यावरचा आकडा मिळतो. दुसरी मोठी चूक म्हणजे तपासणी आहे म्हणून आदल्या चार दिवसांत पथ्य पाळणे आणि त्या दिवशी दोनच घास खाणे. रोजच्यासारखे जेवा. आधीच औषध चालू असेल तर जेवणानंतरच्या तपासणीला त्या वेळची गोळी घेऊनच जा. औषधाने काम होते आहे का, हेच तर पाहायचे असते.

शिबिरात बोट टोचून तपासले, १६८ आली. पुढे काय?

गळतीची एक मोठी जागा हीच. जेवल्यानंतर बोटातून घेतलेली १४०च्या वरची साखर म्हणजे पुढे तपासायला हवे अशी खूण. ते निदान नव्हे आणि ‘काही नाही’ असेही नव्हे. आठवडाभरात उपाशीपोटी शिरेतून रक्त देऊन लॅबमध्ये तपासा. शिबिराचा कागद जपून ठेवा आणि लॅबच्या कागदाला जोडा.

शिबिरातला आकडा चुकण्याचीही कारणे असतात. स्वागताच्या टेबलावर केळे किंवा लाडू खाऊन तेच हात पुढे केले तर बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि आकडा भलताच वर जातो. साबणाने धुऊन कोरडे केलेले बोट, बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोच, आणि ओलसर हवेत उघड्या न राहिलेल्या पट्ट्या या तीन गोष्टी पाहाव्यात. घरच्या ग्लुकोमीटरलाही हेच लागू. लॅबच्या तुलनेत १५ टक्क्यांपर्यंत फरक या यंत्रांत मान्यच आहे. १४० आणि १५५ मधल्या फरकावर औषध बदलायला धावू नका.

एचबीए१सी केली की बाकी तपासण्यांची गरज नाही ना?

ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते आणि उपाशी राहावे लागत नाही, म्हणून सोयीची. पण ती तांबड्या पेशींवर अवलंबून आहे. लोहाची कमतरता असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, आणि आपल्याकडे बायकांत ही कमतरता घरोघरी आहे. उलट सिकलसेल, थॅलेसेमिया, नुकतेच रक्त चढवलेले असणे, यांत तो कमी येऊ शकतो. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल बराच आढळतो. तिथे फक्त एचबीए१सीवर विसंबून ‘आटोक्यात आहे’ म्हणणे धोक्याचे. हिमोग्लोबिन सोबत पाहावे आणि दोन आकडे जुळत नसतील तर उपाशीपोटीच्या व जेवणानंतरच्या साखरेवर चालावे.

बहुतेक प्रौढांसाठी उद्दिष्ट ७ टक्क्यांच्या आत. उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८०च्या आत. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, हृदयाचा आजार असलेल्या माणसाला ८च्या आसपासही चालते. त्यांची साखर एकदम खाली जाऊन ते पडले आणि खुबा मोडला, तर ७ टक्के साधून काय मिळवले?

साखर नॉर्मल आली. गोळी बंद केली तर चालेल?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. साखर नॉर्मल आली ती बहुतेक वेळा गोळीमुळे. छत्रीखाली कोरडे आहोत म्हणून पाऊस थांबला असे कोणी म्हणत नाही. गोळी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच जाणवत नाही, आठवडाभरही नाही. म्हणूनच ‘बघा, काही झाले नाही’ असे वाटते. तीन महिन्यांनी एचबीए१सी ९ झालेले असते.

बंद करणाऱ्यांची कारणे खरी असतात. एक दिवस दवाखान्याच्या रांगेत गेला की रोज बुडतो. महिन्याच्या शेवटी पैसे संपतात. शेतीच्या हंगामात वेळ नसतो. गोळीने पोट बिघडते पण डॉक्टरांना सांगायचा संकोच. प्रत्येकावर तोडगा आहे, पण तो सांगितल्याशिवाय मिळत नाही. म्हणून डॉक्टरांना ‘घेतोय’ असे म्हणू नका. ‘महिन्यातून दहा दिवस चुकतात’ असे स्पष्ट सांगा. नाहीतर ते समजतील की गोळी लागू पडत नाही, आणि मात्रा वाढवतील. मग ज्या दिवशी सगळ्या गोळ्या खरोखर घ्याल, त्या दिवशी साखर धोकादायक खाली जाईल.

निदान नवे असेल, वजन जास्त असेल आणि ते १० ते १५ किलो उतरवता आले, तर काहींची साखर औषधाशिवाय काबूत राहते. औषध बंद करून तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५च्या आत असेल तर त्याला सुप्तावस्था म्हणतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा कमी करत करत. आणि वर्षाची तपासणी तेव्हाही सुटत नाही.

मेटफॉर्मिनने किडनी खराब होते का?

नाही. किडनी खराब करते ती वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब. गैरसमज होण्याचे कारण असे की किडनी बरीच खालावली की डॉक्टर ही गोळी कमी करतात किंवा थांबवतात. लोक कार्य आणि कारण उलटे जोडतात. जुलाब, मळमळ हा तिचा नेहमीचा त्रास. जेवणाच्या मधोमध किंवा जेवण झाल्याबरोबर घ्यावी, ५०० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवावी, तरीही न सोसल्यास हळूहळू विरघळणारी गोळी मागावी. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते. शाकाहारी माणसात ते आधीच कमी असते, आणि पायांच्या मुंग्या मधुमेहाच्या खात्यावर मांडल्या जातात. तपासून घ्या.

बाकीच्या गोळ्यांबद्दल काय लक्षात ठेवायचे?

आपली गोळी साखर एकदम खाली नेऊ शकते का, एवढे आधी विचारून घ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड नेतात. जेवण चुकणार असेल तर ती गोळी घेऊन घराबाहेर पडू नये. ‘ग्लिफ्लोझिन’ने शेवट होणाऱ्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय आणि किडनीला त्यांचा चांगला फायदा आहे, पण जांघेत खाज, बुरशी होऊ शकते. प्रत्येक वेळी पाण्याने धुऊन कोरडे करणे एवढ्याने बरेचसे टळते. लाजेपोटी हा त्रास न सांगता गोळीच सोडून देणारे अनेक आहेत. नर्सताईंना सांगा, त्यांच्यासाठी ते रोजचेच आहे.

औषधे परवडत नाहीत. कुठे मिळतील?

आयुष्मान आरोग्य मंदिर, म्हणजे पूर्वीची उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे, येथे तपासणी आणि मूळ औषधे मिळतात. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचारांचे शुल्क घेत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेवर मात्र रोजच्या गोळ्यांसाठी अवलंबून राहू नका. ती रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे.

केंद्रात साठा संपला असेल तर जनऔषधी केंद्र. तिथे जाताना चिठ्ठीवर कंपनीचे नाव नको, औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम हवेत. डॉक्टरांकडून तसे लिहून घ्या. आपल्याकडे दोन-तीन औषधे एकत्र केलेल्या गोळ्या फार लिहिल्या जातात, आणि दुकान बदलले की त्यांचे प्रमाण बदलते: मेटफॉर्मिन तेवढेच, पण ग्लिमेपिराइड १ ऐवजी २. जुने रिकामे पाकीट सोबत नेऊन आकडे जुळवून घ्या. आणि शेवटची दहा गोळ्यांची पट्टी उघडली की त्याच दिवशी नवीन आणायची, असा नेम ठेवा.

भात सोडायचा का? ज्वारीची भाकरी कितीही चालते का?

भात सोडायची गरज नाही, मोजायची आहे. आणि भाकरी कितीही चालत नाही. ज्वारीच्या पिठातही सत्तर टक्क्यांच्या आसपास पिष्टमय पदार्थ असतात. भाकरीचा फायदा असा की ती चावावी लागते, कोंडा असतो, पोट भरते. तीन भाकरी खाल्ल्या तर तो फायदा संपतो.

ताट असे वाढा: अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर (बटाटा, रताळे भाजीत धरायचे नाहीत), पाव ताटात घट्ट वरण, उसळ, अंडी किंवा मासे, आणि उरलेल्या पावात भाकरी, पोळी किंवा भात. भाजी-उसळ आधी खाऊन भात शेवटी घेतला तर जेवणानंतरची साखर कमी चढते. आपल्याकडच्या ताटात खरी उणीव प्रथिनांची असते. पातळ वरणाच्या वाटीत डाळ चमचाभरच असते.

चहाचा हिशोब एकदा करून पाहा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर: आठ चमचे, सुमारे ४० ग्रॅम. महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर नुसत्या चहातून. गूळ, मध, खडीसाखर, काकवी, सगळ्यांचे रक्तात गेल्यावर तेच होते. एकदम बंद होत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जीभ महिन्याभरात सरावते.

उपवास करावा का?

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीची एक बशी साखर भरभर चढवते, आणि मग संध्याकाळपर्यंत काही न खाल्ल्याने, ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर ती घसरते. आषाढी-कार्तिकीचा एक दिवस आणि नवरात्राचे नऊ दिवस या वेगळ्या गोष्टी आहेत. उपवास करायचाच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या. ‘उपवास आहे म्हणून गोळी नाही’ हे आपल्या मनाने नको. राजगिरा, ताक, दही, शेंगदाणे, काकडी यांवर भर द्या, वरई मोजून. रोजे ठेवणाऱ्यांसाठीही तोच नियम: रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटणे, सहरी न चुकवणे, आणि साखर ७०च्या खाली गेली तर त्याच क्षणी रोजा सोडणे. बोट टोचून साखर पाहिल्याने रोजा मोडत नाही असेच बहुतेक धर्मपंडित सांगतात.

इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी का?

नाही. टाईप २ मध्ये स्वादुपिंडाची ताकद वर्षांगणिक घटते. गोळ्या पुऱ्या पडेनाशा झाल्या की बाहेरून द्यावे लागते. काहींना ते ऑपरेशनपुरते, गरोदरपणापुरते किंवा मोठ्या आजारापुरतेच लागते. त्याची सवय लागत नाही.

पण एक गोष्ट आपल्या देशात फार जपावी लागते. इथे इन्सुलिन दोन ताकदींत मिळते. बाटलीत बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिट, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० युनिट. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४०साठी, केशरी टोपणाची १००साठी. १०० युनिटचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. अडीचपट. पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमध्ये सुई खुपसून औषध काढताना नेमके हेच घडते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी शेजारी धरून वाचा.

गढूळ इन्सुलिन तळहातांमध्ये वीसेक वेळा अलगद घोळवायचे, दुधासारखे एकसारखे दिसेपर्यंत. जोरात हलवायचे नाही. पेनला नवीन सुई लावली की आधी २ युनिट हवेत सोडायचे, थेंब दिसला की मगच मात्रा. टोचल्यावर मनात दहा आकडे मोजून सुई काढायची, नाहीतर औषध त्वचेवर परत येते. जागा रोज बोटभर सरकवा. एकाच जागी टोचून टोचून गाठ झाली की तिथे दुखत नाही, म्हणून लोक तिथेच टोचतात. आणि तिथून औषध नीट शोषले जात नाही. साखर एक दिवस २८०, एक दिवस ६० असे होत असेल तर पोटावरून हात फिरवून आधी अशी गाठ शोधा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, टोपण लावून. घंटागाडीत सुट्या टाकल्या तर कचरा वेचणाऱ्याच्या हातात घुसतात.

घरी फ्रिज नाही, किंवा वीज जाते. इन्सुलिन कसे ठेवायचे?

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत राहावी. उघडलेली साध्या खोलीच्या तापमानात चार आठवडे टिकते. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यातली पत्र्याची खोली म्हणजे साधे तापमान नव्हे. मातीचे मडके घ्या, अर्धे पाणी भरा, बाटली घट्ट झाकणाच्या डबीत ठेवून ती आत सोडा, आणि मडके सावलीत, वारा लागेल तिथे ठेवा. फ्रिज असेल तर दाराच्या कप्प्यात ठेवा; बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच. प्रवासात बर्फाला थेट टेकवू नका, मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच पेनाने लिहा.

शुगर एकदम लो झाली तर?

थरथर, दरदरून घाम, धडधड, एकाएकी भूक, चिडचिड, बरळणे. साखर ७०च्या खाली असेल, किंवा तपासायला यंत्र नसेल पण लक्षणे असतील, तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घोळून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर पोळी, बिस्किटे असे काहीतरी खा, म्हणजे परत घसरणार नाही. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

व्होग्लिबोस किंवा अकार्बोस घेणाऱ्यांना साधी साखर त्या वेळी उपयोगी पडत नाही, कारण ही औषधे तिचे पचनच अडवतात. त्यांना ग्लुकोजच हवे. गोळीचे नाव पाहून आजच खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

पायांची काळजी म्हणजे नेमके रोज काय करायचे?

रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे. तळवे आरशात पाहा किंवा घरच्यांना दाखवा, बोटांच्या बेचक्या उघडून पाहा. भेग, फोड, लालसर डाग, चिखल्या. धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा. तेल-व्हॅसलीन टाचांना लावा, बेचक्यांत नाही. कुरूप ब्लेडने कापू नका. गरम पाण्यात पाय घालण्याआधी कोपराने पाणी पाहा. बधिर पायाला चटका कळतच नाही.

अंगठ्याची चप्पल बधिर पायातून कधी निसटली हेही कळत नाही, आणि तिचा पट्टा बेचकीत घासतो. मागे पट्टा असलेली, एमसीआर रबराचा मऊ तळ असलेली चप्पल घ्या. ती घालण्याआधी आत हात फिरवा. खडा, खिळ्याचे टोक, मुलांची मणी, काहीही असते. देवळात उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे टाळा, मोजे चालतात का विचारा. दुखत नसलेली जखम ही दुखणाऱ्या जखमेपेक्षा वाईट. तिला हळद लावून वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

वर्षातून काय काय तपासायचे?

डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून, निदान झाल्या वर्षापासूनच. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली नाही. लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (३० च्या आत हवे) आणि रक्तातले क्रिएटिनिन. नुसते क्रिएटिनिन पाहिले तर किडनीचा सुरुवातीचा बिघाड निसटतो. पायांची संवेदना १० ग्रॅमच्या नायलॉन धाग्याने. कोलेस्टेरॉल; चाळिशीनंतर मधुमेहींना स्टॅटिनची गोळी सहसा सुचवतात. दात-हिरड्या. एचबीए१सी दर तीन ते सहा महिन्यांनी. रक्तदाब मात्र प्रत्येक भेटीत, आणि तो १३०/८०च्या आसपास आणायचा. मधुमेही माणसे शेवटी बहुतांशी हृदयविकाराने आणि पक्षाघाताने जातात, म्हणून रक्तदाबाची गोळी ही साखरेच्या गोळीइतकीच महत्त्वाची.

कारले, मेथी, आयुर्वेदिक चूर्ण?

कारले-मेथी जेवणात जरूर घ्या. औषधाऐवजी नको. लेबल नसलेल्या, ‘शुगर मुळापासून घालवतो’ म्हणत विकल्या जाणाऱ्या पुड्यांत ॲलोपॅथीच्या गोळ्या किंवा शिसे सापडल्याची उदाहरणे आहेत. अशा पुडीने साखर झपाट्याने उतरली तर आनंद मानण्याआधी त्यात काय आहे ते विचारा.

मधुमेह आणि क्षयाचा काही संबंध आहे का?

आहे, मधुमेहींना क्षय होण्याचा धोका दोन ते तीन पट असतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, किंवा काही कारण नसताना वाढलेली साखर असेल तर थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. क्षयाच्या औषधांतले रिफाम्पिसिन काही मधुमेहाच्या गोळ्यांचा परिणाम कमी करते, त्यामुळे दोन्ही डॉक्टरांना दोन्ही कागद दाखवायचे.

ताप, जुलाब, उलट्या असतील त्या दिवशी औषध घ्यायचे का?

इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही. खाणे कमी झाले तरी आजारपणात साखर वाढते. मात्रा किती, ते फोन करून विचारा. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले असेल तर मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिनच्या गोळ्या बरे वाटेपर्यंत थांबवतात. काहीच खाल्ले जात नसेल तर ग्लिमेपिराइडही घ्यायची नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. दर चार तासांनी साखर पाहा, तासातासाला थोडे थोडे पाणी, ताक, पेज घेत राहा.

लागोपाठ दोनदा ३००च्या वर साखर, थांबत नसलेल्या उलट्या, पोटात जोरात दुखणे, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला कुजक्या फळासारखा वास किंवा गुंगी, यांतले काहीही दिसले तर घरी सलाईन लावून घेत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांत रक्तात आम्ल साचण्याचा हा बिघाड साखर २०० असतानाही होऊ शकतो. म्हणून त्यांच्या बाबतीत आकडा पाहून निश्चिंत न होता श्वास आणि उलट्या पाहायच्या, आणि दवाखान्यात पोचल्या पोचल्या गोळीचे पाकीट दाखवायचे.